नंबर २९७ पासून सुरू होतो

नाव नंतर. आधी नंबर वाचा.

रविवारची सकाळ. हैदराबादेत अ‍ॅबिड्सची दुकानं बंद आहेत आणि बंद शटरांसमोर फुटपाथभर जुनी पुस्तकं पसरली आहेत. इंजिनिअरिंगची गाइडं, उर्दू डायजेस्ट, कुणा वकिलाच्या घरातून निघालेले कायद्याचे जाडजूड खंड. एका खोक्यात हात घालता तर तळाशी एक फोटो. गोरा पोरगा, विशी-बाविशीचा, डोक्यावर चौकड्यांच्या पट्टीची तिरकी टोपी. मागे पेन्सिलीने ‘सिकंदराबाद १९३९’ आणि एक सात आकडी नंबर. नावाच्या जागी पाण्याचा डाग. विकणारा म्हणतो, “पचास दे दो साब.” तुम्ही चाळीस देता.

(हा फोटो मी कल्पिलेला आहे, पोरगाही. पुढच्या पलटणी, रस्ते आणि तारखा खऱ्या आहेत, आणि अशी शेकडो पोरं त्या वाटेने गेली.)

नंबर २९७ पासून सुरू होतो. १९२० साली ब्रिटिश लष्कराने प्रत्येक रेजिमेंटला नंबरांचा एकेक पट्टा नेमून दिला. २९६६००१ ते ३०४४००० हा पट्टा आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्सचा. ही स्कॉटलंडची रेजिमेंट, मुख्य ठाणं स्टर्लिंगच्या किल्ल्यावर. पुढे शिपायाची बदली दुसऱ्या रेजिमेंटमध्ये झाली तरी हा नंबर त्याच्याबरोबर जायचा. म्हणजे नाव पुसलं गेलं तरी पोरगा अर्धा सापडला.

उलट नावाच्या मागे लागून बघा. ब्रिटिश लष्करी दफ्तरांत ‘हैदराबाद’ शोधलंत की निम्म्या वेळा सिंधमधलं हैदराबाद पुढ्यात येतं. तिथेही छावणी होतीच. मग रॉयल एअर फोर्सचे वैमानिक येतात, कारण निजामाने पैसे दिले म्हणून ११०, १५२ आणि २५३ या तीन स्क्वॉड्रनांच्या नावात हैदराबाद आहे. ‘सिकंदर’ शोधलंत तर लखनौची सिकंदरबाग येते, जिथे १८५७ साली याच आर्गाइलवाल्यांची पूर्वज पलटण लढली. आणि सगळ्यात मोठी फसगत म्हणजे १९वी हैदराबाद रेजिमेंट. तिच्याकडे आपण येणारच आहोत. चार वेळा शोधा, चार भलतीच माणसं हाती लागतात. म्हणून नंबर, ठिकाण, तारीख. या तिघांचा हात सोडू नका.

आता सिकंदराबादच्या परेड ग्राउंडपाशी उभे राहा आणि मेट्रोचे खांब एकेक करून गळून पडू द्या.

ऑगस्ट १९३९. पाऊस नुकताच उघडलाय, मातीला तांबूस वाफ आहे. तुम्ही सिकंदराबादेत आहात, म्हणजे निजामाच्या मुलखात असूनही निजामाच्या राज्यात नाही. निजाम सिकंदर जाहच्या नावाने १८०६ मध्ये वसवलेली ही इंग्रजांची छावणी. पुढे तिरुमलगिरी, जिला गोरे लोक ‘ट्रिमलगेरी’ म्हणतात. तिथल्या लष्करी तुरुंगाला विलायती किल्ल्यासारखे बुरूज आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणा सरदाराची गढी असेल.

लाल बाजारात चहा घ्यायला थांबता. खिशातून नाणं काढता, तर शेजारचा धोबी हळूच म्हणतो, “मालक, हाली नका देऊ. इथं कलदार बरा.” तुम्ही चमकता. मराठी? “नांदेडकडला हाव. इथं सायबाचे कपडे धुऊन पंधरा वर्षं झाली.” हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा, एकाच गावाच्या दोन टोकांना दोन रुपये चालतात, आणि नांदेडचा माणूस दोन्हींचा हिशेब तोंडी करतो.

रस्त्यावरून बस जाते. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी ही सेवा सुरू केली, आणि त्या गाड्या अल्बियन कंपनीच्या, ग्लासगोच्या कारखान्यातल्या. फोटोतला पोरगा त्याच बाजूचा असणार, कारण त्याच्या रेजिमेंटची भरती क्लाइड नदीच्या आसपासच्या परगण्यांत व्हायची. घरापासून हजारो मैलांवर चारमिनारच्या गावात तो आपल्या गावची बस बघतो. असल्या गोष्टी सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कधी सापडत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

शहरात मात्र वेगळीच हवा आहे. वर्षभर आर्य समाजाचा सत्याग्रह चालला. सोलापुरात १९३८ च्या डिसेंबरात परिषद भरली आणि तिथून जथेच्या जथे निजामाच्या हद्दीत शिरून पकडले गेले. गुलबर्ग्यापासून औरंगाबादेपर्यंत तुरुंग भरले. या ऑगस्टात तो सत्याग्रह मागे घेतला गेला आणि लोक सुटून घरी चाललेत. स्टेशनावर खादीची टोपी घालून सुटलेले कैदी उतरतात, आणि त्याच आठवड्यांत छावणीतून खाकीतली पोरं निघतात. कुठे, ते त्यांना सांगितलेलं नाही. मोहिमेला नुसतं टोपणनाव आहे, ‘ईमू’. १२व्या हिंदी ब्रिगेडमधून आर्गाइलची दुसरी बटालियन सिंगापूरला जाणार आहे. वझिरीस्तानच्या डोंगरांत पठाणांशी लढून आलेली ही पलटण. तिला वाटतं, सिंगापूर म्हणजे आराम.

त्याच ब्रिगेडमध्ये आणखी एक पलटण आहे, १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन. नाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. जरा दम धरा. या पलटणीत हैदराबादी माणूस शोधून सापडायचा नाही. शिपाई कुमाऊँचे, जाट आणि अहीर.

मग नाव कुठून आलं? कोठीला इंग्रजांच्या रेसिडेन्सीत जा. तिथला रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये निजामाच्या पैशाने फौज उभी केली, रसेल ब्रिगेड. तिची पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. तिच्या छावण्या हिंगोलीला, औरंगाबादेला, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, आणि वऱ्हाडात एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला. एलिचपूरच्या नबाबाची फौजही यातच मुरली. या चौथ्या बटालियनची स्थापना १७८८ ची. खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या तहात त्या थकबाकीपायी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. वऱ्हाडच्या कापसाच्या साऱ्यावर पोसलेली ही फौज. नंतर भरती उत्तरेकडे सरकली, दख्खनी माणूस गळत गेला, नाव तेवढं राहिलं. सिंगापूरला जाणाऱ्या या दोन पलटणींत हैदराबादचं पाणी प्यालेली पलटण स्कॉटलंडची आहे, आणि हैदराबादचं नाव लावणारी उत्तरेकडची. दफ्तरात शोधणाऱ्याने हे पाठ करून ठेवावं.

सिंगापूर. टायर्सल पार्कची छावणी, नारळीची झाडं, दोन वर्षांची वाट बघणं. आर्गाइलचे कर्नल इयान स्टुअर्ट आपल्या पोरांना रबराच्या मळ्यांत आणि जंगलात इतकं पळवतात की बाकीचे गोरे अधिकारी हसतात. १९४० मध्ये शेजारच्या हैदराबाद पलटणीत एका हिंदी अधिकाऱ्याला परत पाठवण्याचा हुकूम निघतो आणि अहीर कंपनी हट्टाला पेटते. प्रकरण बंडापर्यंत जाता जाता मिटतं. त्या पलटणीत तेव्हा कोडगूचा एक तरुण अधिकारी होता, के. एस. थिमय्या. तो पुढे बदली होऊन भारतात परतला म्हणून वाचला. त्याचा सख्खा भाऊ सिंगापुरात कैद होऊन आझाद हिंद सेनेत गेला. आणि नशिबाचा खेळ बघा, १९५३ मध्ये कोरियातल्या हजारो युद्धकैद्यांना कुणाच्या हवाली करायचं हे ठरवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद याच थिमय्यांकडे आलं.

आता सावकाश चाला. ६ जानेवारी १९४२ ची रात्र उलटून गेली आहे, ७ तारखेचे पहाटेचे साडेतीन वाजत आलेत. मलायात त्रोलाक नावाचं गाव, एकच सडक, दोन्ही बाजूंना जंगल आणि रबराचे मळे. चांदणं आहे. तुम्ही सडकेच्या कडेला ओल्या खंदकात आहात, आणि तुमच्या आजूबाजूला जी माणसं आहेत ती महिनाभर जपान्यांपुढे मागे मागे सरकत आली आहेत. कुणी रात्री झोपलेलं नाही. शेजारचा अहीर शिपाई बंदुकीवर डोकं टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेतोय. त्याला उठवावं असं तुम्हाला वाटत नाही.

उत्तरेकडून घरघर ऐकू येते. आधी वाटतं, आपलेच ट्रक.

रणगाडे आहेत. एकामागोमाग एक, दिवे न लावता, सडकेच्या मधोमध. सडकेवर काँक्रीटचे थोडे ठोकळे आहेत, थोडे सुरुंग. पहिला रणगाडा सुरुंगावर उडतो, मागचे थांबतात, पायदळाची माणसं उतरून ठोकळे बाजूला सारतात आणि पुन्हा घरघर. या सडकेची वळणं मागे कधी तरी सरळ केलेली होती. जुनी वळणं झाडीत तशीच पडलेली, त्यांवर अडथळा ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. जपानी रणगाडे त्या जुन्या वळणांवरून फिरून मागल्या बाजूला निघतात. हैदराबाद पलटण आधी फुटते, मग ब्रिगेडमधली पंजाबी पलटण, मग आर्गाइल. हिंदी पलटणींतल्या बहुतेकांनी या युद्धाआधी रणगाडा पाहिलाच नव्हता. सकाळी रणगाडे स्लिम नदीच्या पुलावर पोचले, आणि पूल उडवणारी माणसं पूल उडवायच्या आधीच पडली. दोन ब्रिगेड एका सकाळात संपल्या. तीन हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, काही त्याच दिवशी, काही जंगलात भटकून भटकून नंतर.

फोटोतला पोरगा कुठे आहे? दोन शक्यता, आणि दफ्तरात त्यांच्या दोन वेगळ्या वाटा. स्लिमच्या जंगलात हरवला असेल तर आठवडे-महिने कंदमुळं खात, चिनी मजुरांच्या झोपड्यांतून लपत फिरला असेल आणि शेवटी क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात सापडेल. वाचला असेल तर ३१ जानेवारीला जोहोरच्या बांधावरून सिंगापूर बेटात शिरणाऱ्या शेवटच्या तुकडीत असेल. आर्गाइलचे उरलेसुरले शे-दोनशे जण बॅगपाइप वाजवत आले आणि त्यांच्यामागे बांध उडवला गेला. नंतर त्यांच्या जोडीला बुडालेल्या दोन युद्धनौकांवरचे वाचलेले मरीन दिले गेले.

१५ फेब्रुवारी १९४२. संध्याकाळी शरणागती.

दोनच दिवसांनी, १७ तारखेला, सिंगापुरात दोन मोठ्या रांगा निघतात. गोऱ्यांची रांग पूर्वेकडे चांगीला, दिवसभराची पायपीट. हिंदी शिपायांची रांग फॅरर पार्कच्या मैदानात. तुम्ही हिंदी आहात, तेव्हा तुमची रांग ठरलेली आहे. चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं उन्हात बसली आहेत. एक इंग्रज कर्नल पुढे येऊन ध्वनिक्षेपकावर सांगतो की आजपासून तुम्ही जपानी सरकारच्या ताब्यात आहात, त्यांचे हुकूम पाळा. मग जपानी मेजर फुजिवारा बोलतो. मग आझाद हिंद सेनेचा कॅप्टन मोहन सिंग. इंग्रज कर्नलचं वाक्य साधं आहे, कारकुनी. पण तुमच्याशेजारचा सुभेदार ते ऐकून मान खाली घालतो. वीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याने भर मैदानात कागद फाडल्यासारखं आपल्याला दुसऱ्याच्या हातात दिलं, असं त्याला वाटतं. त्या दिवशी कोण आझाद हिंद सेनेत गेलं आणि कोण नाही, यावर पुढे पुस्तकांवर पुस्तकं निघाली. मला विचाराल तर निम्मा निर्णय त्या एका वाक्याने झाला.

चांगीच्या छावणीत मात्र पुढे एका कागदाचा जन्म होतो. इथे घाई करू नका.

लाकडी टेबल. समोर कोरी कार्डं, जपानी लिपीत छापलेले रकाने. छावणी, नाव, देश, हुद्दा, नंबर, कुठे पकडला, कधी पकडला, बापाचं नाव, आईचं नाव, मूळ गाव, धंदा, कुणाला कळवायचं. पोरगा बोटाने रकाने मोजत एकेक भरतो. तारखेपाशी त्याचं घोडं पेंड खातं, कारण तिथे जपानी शोवा सन आहे. १९४२ म्हणजे शोवा १७. म्हणून १५ फेब्रुवारीला कैद झालेल्या माणसाच्या कार्डावर १७, २, १५ असे तीन आकडे दिसतात, आणि पणतू-नातवंडं हमखास त्याची १७ फेब्रुवारी करतात. अशी पन्नास हजारांवर कार्डं युद्धानंतर लंडनला पोचली. आज ती क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, संग्रह डब्ल्यूओ ३४५. कार्डाच्या मागच्या बाजूला जपानी हस्ताक्षरात नोंदी आहेत, कोणत्या छावणीतून कोणत्या छावणीत हलवलं याच्या. कार्ड हातात घेतलंत तर आधी एकच गोष्ट बघाल. त्यावर तिरप्या दोन लाल रेघा आहेत का. असतील तर तो परत आला नाही.

घरी काय कळलं? स्कॉटलंडात तार गेली, ‘बेपत्ता’. मग महिनोन्‌महिने काहीच नाही. जपानने १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. कैद्यांच्या याद्या रखडत रखडत पोचल्या. मग कधी तरी छापील मजकुराचं एक कार्ड येतं, मी बरा आहे, मी पगारी काम करतो आहे. पोराचं असं त्यात फक्त खालचं नाव.

पगारी काम म्हणजे सयाम-ब्रह्मदेश रेल्वे. ४१५ किलोमीटर. ऑक्टोबर १९४२ च्या आसपास काम जोरात सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ ला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. साठ हजार दोस्त कैदी, त्यांतले बारा हजारांहून जास्त मेले. भुकेने, मारहाणीने, कॉलऱ्याने, बेरीबेरीने, पायांच्या सडलेल्या जखमांनी आणि मलेरियाने.

मलेरिया म्हटल्यावर मला पुन्हा सिकंदराबादला जावंसं वाटतं. २० ऑगस्ट १८९७ ला बेगमपेठच्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. त्यासाठी हुसेन खान नावाचा रोगी डासांना आपला हात चावू देत बसला होता, डासामागे एक आणा मजुरीवर. फोटोतला पोरगा त्या इस्पितळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिला होता. पण १९४३ च्या पावसाळ्यात रेल्वेच्या वाटेवर क्वाय नदीच्या काठी कारण माहीत असून उपयोग नव्हता, कारण क्विनीन मिळत नव्हतं.

आणि त्याच रेल्वेवर मलायातल्या मळ्यांतून आणलेले हजारो तमिळ आणि तेलुगू मजूर होते, बर्मी आणि जावानी होते. आशियाई मजुरांतली मृत्युसंख्या गोऱ्या कैद्यांच्या कितीतरी पट मोठी. नव्वद हजारांपर्यंत अंदाज जातात. या मजुरांसाठी टेबल नव्हतं, रकानेही नव्हते. थायलंडातल्या कांचनबुरीच्या युद्ध स्मशानभूमीत ६,९८२ थडगी आहेत, हिरवळ राखलेली, दगडावर नाव किंवा ‘फक्त देवाला ठाऊक’. मजुरांपैकी बहुतेकांचं काहीच नाही.

हिंदी शिपायांपैकी जे आझाद हिंद सेनेत गेले नाहीत, त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या बेटांवर हमाल म्हणून नेलं. मंगळूरकडचे जॉन बाप्टिस्ट क्रास्ता तिथून जिवंत परतले आणि १९४६ मध्ये सगळं लिहून काढलं. ते हस्तलिखित पन्नास वर्षं घरात पडून राहिलं. कुणी मागितलं नाही म्हणून.

खरोखरचा हैदराबादी कुठे होता, हे तुम्ही मघापासून विचारताय. दोन ठिकाणी. एक, मलायातच, कोटा भारूच्या विमानतळावर. ८ डिसेंबर १९४१ ला मध्यरात्रीनंतर जपानी तिथल्या किनाऱ्यावर उतरले, पर्ल हार्बरच्याही तासभर आधी. विमानतळाच्या राखणीला निजामाच्या संस्थानी फौजेची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. संध्याकाळी गोंधळ माजला, माघार सुरू झाली, आणि त्यांना थोपवायला गेलेला त्यांचा इंग्रज कमांडिंग ऑफिसर आपल्याच शिपायांच्या गोळीने मेला. युद्धाच्या अनेक इतिहासांत या पलटणीला एवढं एकच वाक्य मिळालं आहे.

दुसरा हैदराबादी राजपूत रेजिमेंटमध्ये होता, हाँगकाँगला. पुन्हा नावाने दगा दिला बघा. कॅप्टन मतीन अहमद अन्सारी, ७व्या राजपूत रेजिमेंटची पाचवी बटालियन, निजामाच्या घराण्याशी नातं. २५ डिसेंबर १९४१ ला हाँगकाँग पडलं. जपान्यांना नात्याची माहिती लागली आणि त्यांनी अन्सारींना बाजूला काढलं. इंग्रजांची निष्ठा सोड, हिंदी कैद्यांना आमच्याकडे वळव. अन्सारी बधले नाहीत. मारहाण, उपासमार, अंधारकोठडी; चालता येईना अशा अवस्थेत त्यांना साध्या शिपायांच्या छावणीत टाकलं, तर तिथून त्यांनी कैदी पळवायला मदत सुरू केली. फितुरी झाली. २९ ऑक्टोबर १९४३ ला स्टॅन्ली इथे तीसहून अधिक जणांबरोबर त्यांचा शिरच्छेद केला गेला. एप्रिल १९४६ मध्ये त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हैदराबादेत आज त्यांचं नाव दहा जणांना विचारा. मी विचारलंय. सगळ्यांनी उलट मलाच विचारलं, कोण अन्सारी?

त्याच शहराचे आबिद हसन मात्र लोकांना माहीत आहेत, ‘जय हिंद’ हे अभिवादन सुचवणारे. बर्लिनमध्ये नेताजींबरोबर राहून ते आन्नाबुर्गच्या छावणीत जात, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांना आझाद हिंदच्या फौजेत यायला सांगत. १९४३ मध्ये नेताजींबरोबर पाणबुडीतून आशियात आलेले तेच. एक हैदराबादी कैद्यांना उठवत होता, दुसरा कैदेत राहून नकार देत होता. स्वतंत्र भारताने पहिल्याला राजदूत केलं, ते योग्यच केलं. पण दुसऱ्याला विसरून जायचं काही कारण नव्हतं. तो ज्या निष्ठेपायी मेला ती आपल्याला पटो न पटो, माणूस पोलादाचा होता.

चला, परत या. अ‍ॅबिड्सवर ऊन चढलंय.

फोटोतल्या पोराचा पुढचा शोध आता वाटतो तितका अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सर्व्हिस फायली संरक्षण खात्याकडून २०२२ पासून क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजकडे हलवल्या जात आहेत. लाखोंनी आहेत, वेळ लागतोय. जपानी कार्ड डब्ल्यूओ ३४५ मध्ये. सुटकेनंतर भरून घेतलेली प्रश्नावली डब्ल्यूओ ३४४ मध्ये. तीत कोणत्या छावणीत कधी होतास, कुणी छळलं, पळून जायचा प्रयत्न केलास का, हे त्याच्याच अक्षरात असतं, भरलं असेल तर. मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत नंबरानिशी सापडेल. पहिल्या महायुद्धातला शिपाई शोधणाऱ्यांचं नशीब इतकं चांगलं नाही. त्या फायलींपैकी निम्म्याहून जास्त सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बच्या आगीत जळाल्या.

चौथ्या हैदराबादच्या अहीर शिपायाचं काय? त्याची फाइल क्यूला नाही. हिंदी लष्करातल्या इंग्रज आणि हिंदी अधिकाऱ्यांचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, साध्या शिपायाचे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. १९४५ मध्ये त्या रेजिमेंटने हैदराबाद हे नाव टाकलं आणि ती कुमाऊँ रेजिमेंट झाली, म्हणजे हे रेकॉर्ड आता रानीखेतला. सिंगापूरच्या पराभवात संपलेली चौथी पलटण पुन्हा उभी राहिली, आणि तिचेच मेजर सोमनाथ शर्मा नोव्हेंबर १९४७ मध्ये बडगामला पडले, पहिलं परमवीर चक्र. त्या पलटणीच्या कैद झालेल्या पिढीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. परत आलेल्या हिंदी कैद्यांची इंग्रजांनी पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली. काळा ठरला तो पेन्शनीशिवाय बडतर्फ. घरी येऊन तो गप्प बसला, आणि पांढरा ठरला तोही गप्प बसला, कारण गावात आता आझाद हिंदचा जयजयकार चालला होता. घरचे कागद चुलीत गेले ते असेच.

तरी एका बाबतीत गणित उलटं आहे, आणि ते तुमच्या उपयोगाचं आहे. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश शिपायांना नाव न कोरता दिली गेली, अर्ज केला की पोस्टाने पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत. फोटोतल्या पोराचं मेडल उद्या अ‍ॅबिड्सच्या फुटपाथवर मिळालं तरी ते कुणाचं हे कधीच कळणार नाही. हिंदी शिपायांच्या मेडलांवर मात्र नाव उठवलेलं होतं.

तेव्हा नांदेडला, अचलपूरला, साताऱ्याला, सावंतवाडीला, ज्याच्या घरी आजोबा-पणजोबांची लोखंडी ट्रंक आहे त्याने ती एकदा उघडावी. तळाशी मेडल असेल तर चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. उजेडात धरा. गोल मेडल असेल तर कड बघा, चांदणी असेल तर पाठ बघा. आधी नंबर असतो, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण.